मापांचा बॅकअप

माणसानं माणसावर विश्वास ठेवावा, असं लोक म्हणतात. म्हणणारे बहुधा वजन-मापे खात्यात नोकरीला नसावेत. मी आहे. दुकानदार हसून ‘या साहेब’ म्हणाला की माझा हात आधी त्याच्या तराजूच्या पारड्याखाली जातो. तिथं काही चिकटवलेलं सापडलं तर संशय खरा ठरतो, आणि नाही सापडलं तर वाढतो. माझ्या या स्वभावाची घरात थट्टा होते, पण थट्टा करणाऱ्यांच्या मनात नक्की काय आहे, हेही मी तपासून पाहत असतो.

त्यामुळे आमच्या हिच्या शिवणाच्या दुकानातला कॉम्प्युटर दातओठ खाल्ल्यासारखा आवाज करू लागला, तेव्हा पहिला संशय मलाच आला. ही म्हणाली, “पंख्याचा आवाज असेल.” पंखा मी बंद करून पाहिला. आवाज चालूच. मग हिनं हातातली कात्री खाली ठेवली. कात्री खाली ठेवणं म्हणजे तिच्या हिशेबी फार मोठी गोष्ट आहे.

दुकान म्हणजे आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरची एक खोली. दोन मशिनं, कापड बेतायचं एक लांबलचक टेबल, पडद्यामागं उभा आरसा, आणि कोपऱ्यात तो कॉम्प्युटर. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, दुकान मशिनांवर चालतं. दुकान चालतं कॉम्प्युटरवर. गिऱ्हाइकानं एकदा टेप लावून माप दिलं की पुन्हा द्यावं लागत नाही, नुसतं कापड पाठवायचं, ही या दुकानाची ख्याती. आता माणसाचं अंग काही लाकडाचं नसतं. पण ही रस्त्यात एखादी बाई भेटली की चार गोष्टी बोलता बोलता नजरेनंच माप घेते, आणि दुकानात येऊन कॉम्प्युटरमध्ये गुपचूप अर्धा इंच वाढवते. ड्रेस अंगात चपखल बसतो. बाई आरशात वळून वळून बघते आणि म्हणते, “बघा, इतक्या वर्षांत माप इकडचं तिकडे झालं नाही!” ही ओठांतल्या टाचण्या न काढता नुसतं ‘हूं’ म्हणते.

मापात पाप म्हणतात ते हेच का, यावर मी अधिकारी या नात्यानं पुष्कळ विचार केला आहे. फसवणारीही खूष आणि फसणारीही खूष असेल तर कुठलं कलम लावायचं, हे आमच्या नियमांत दिलेलं नाही.

तर मुद्दा असा, की ती मापं गेली तर सगळ्यांना पुन्हा टेप लावावी लागणार. टेपेला भीडभाड नसते. एकदा का खरा आकडा कानावर पडला की त्या बाया पुन्हा आमच्या दारात उभ्या राहणार नाहीत, आणि हिनं इतक्या वर्षांत जमवलेलं नाव मातीत जाणार. त्यात मुलींच्या शाळेच्या बक्षीस समारंभासाठी सगळ्या शिक्षिकांचे एकाच रंगाचे ड्रेस शिवायचं काम नुकतंच आलं होतं. कापडाचे तागे येऊन पडले होते आणि कॉम्प्युटर दातओठ खात होता.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, “डिस्क जाणार. दोन दिवस माझ्याकडे ठेवा, बघतो.”

“दोन दिवस कशाला?” मी विचारलं.

“बघायला.”

“काय बघणार?”

त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला. गावातल्या समस्त महिलावर्गाची मापं असलेला कॉम्प्युटर मी परक्या माणसाकडे दोन दिवस ‘बघायला’ ठेवणार नव्हतो. मी त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. ही म्हणाली, “अहो, सरळ माणूस होता.” सरळ माणसं मी रोज बघतो. त्यांच्याच तराजूखाली शिसं असतं.

राहता राहिला मेहुणा. हिचा धाकटा भाऊ कॉम्प्युटरमधलाच आहे. दूरच्या शहरात मोठ्या कंपनीत असतो, आणि ही मापांची व्यवस्था त्यानंच ताईला सुट्टीत बसून करून दिली होती. त्याला फोन लावला. दोन्ही हात मोकळे असावेत म्हणून मोबाइल स्पीकरवर ठेवून टेबलावर उभा केला. रविवार असल्यामुळे दुकान बंद होतं. काजंबटणं करणारी बाई तेवढी राहिलेलं काम उरकत कोपऱ्यात बसली होती. तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं. आयुष्यात मी ज्या थोड्या लोकांवर संशय घेतला नाही त्यांत ती होती, आणि त्याचं फळ मला लगेच मिळालं.

“भावोजी, एकदम सोपंय,” मेहुणा म्हणाला. “काळी खिडकी उघडा. मी सांगतो ते एका ओळीत टाईप करायचं. सगळी टेबलं एका फटक्यात डंप करून टाकू.”

“डंप?” मी म्हणालो. “म्हणजे टाकून द्यायची?”

“टाकून नाही हो. त्या प्रोग्रामचं नावच तसं आहे. डंप म्हणजे सगळ्याची नक्कल काढून एका फाइलमध्ये ओतायची. टेबलं, म्हणजे ताईचे मापांचे तक्ते, आहेत तिथंच राहतात.”

‘डंप’ म्हणायचं आणि ‘आहे तिथंच राहतं’ म्हणायचं! अशी भाषा बोलणाऱ्या दुकानाला मी ताबडतोब नोटीस काढली असती. पण मेहुणा पडला. मी टाईप करू लागलो. प्रोग्रामचं नाव, मग स्पेस, मग आडवी रेघ.

“स्पेस दिलीत?”

“दिली.”

“रेघेनंतर पण दिलीत का?”

“दिली.”

“ती द्यायची नव्हती.”

एका ठिकाणी जागा सोडायची आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, याचं कारण विचारलं तर म्हणे, तसंच असतं. आमच्या खात्यातही पुष्कळ गोष्टी तशाच असतात, त्यामुळे मी पुढं वाद घातला नाही.

मग पासवर्ड आला. ही लगबगीनं पुढं होऊन म्हणाली, “सरका, मी टाकते.” मी सरकलो नाही. नवऱ्यापासून लपवण्यासारखं त्यात काय आहे? ही टेबलावरच्या मोबाइलकडे बघू लागली, आणि तिकडे मेहुणा एकाएकी खोकू लागला. शेवटी तिनं हळूच सांगितलं. सगळी इंग्रजी अक्षरं, मध्ये स्पेस नाही: भावोजीलासांगूनको.

मी कीबोर्ड जवळ ओढला. एकेक अक्षर शांतपणे टाईप केलं. माणसानं स्वतःचा अपमान स्वतःच्या बोटांनी, स्पेलिंग न चुकता लिहावा, यापेक्षा मोठी परीक्षा असेल असं वाटत नाही. पण स्क्रीनवर काहीच उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही, चांदणी नाही.

“काही दिसत नाही,” मी म्हणालो.

“दिसतच नाही ते. मुद्दाम. कोणी बघू नये म्हणून.”

“मीही?”

“तुम्हीही.”

हे मात्र मला मनापासून आवडलं. खुद्द टाईप करणाऱ्यावरही भरवसा न ठेवणारा प्रोग्राम! करणारा नक्की आमच्या खात्यातून निवृत्त झालेला असणार.

मी बटण दाबलं आणि घोटाळा झाला. ओळीच्या शेवटी एक बाण काढायचा होता आणि बाणापुढं फाइलचं नाव द्यायचं होतं. ते राहिलं. त्यामुळे जे फाइलमध्ये ओतायचं ते सगळं स्क्रीनवर धो धो ओतू लागलं. छाती, कंबर, खांदा, बाही, आकडेच्या आकडे वर सरकत निघाले. नेमक्या त्याच वेळी दारातून आवाज आला, “आहात का?” आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आत आले.

मी कॉम्प्युटरपुढं दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

“काय चाललंय?” त्यांनी माझ्या काखेखालून बघायचा प्रयत्न केला.

“काही नाही.”

“मग हात का पसरलेत?”

“व्यायाम.”

पोस्टमास्तरांनी आयुष्यभर लोकांची पाकिटं न फोडता आतला मजकूर ओळखला होता. ते खुर्ची ओढून बसले. “मी म्हटलं, टेबल टाकूनच देताय तर आम्हाला द्या. आमच्या गॅलरीत बसेल. पाय कापून घेईन थोडे.”

काजंबटणंवाली बाई मघाशी दोरा आणायला म्हणून वर गेली होती. ‘साहेब सगळी टेबलं डंप करताहेत’ ही बातमी तिनं दोऱ्याबरोबर जिना चढून पोचवली होती. पोस्टमास्तरांच्या मागोमाग शेजारच्या चाळीस वर्षं वकिली केलेल्या गृहस्थांची सून ‘लाकूड कुठलं आहे’ हे विचारून गेली. ही कापायच्या टेबलावर हात टेकून उभी राहिली, तशी सगळे जाईपर्यंत हललीच नाही. जाता जाता पोस्टमास्तरांनी सल्ला दिला, “हे बॅकअप-बिकअप काही खरं नसतं. महत्त्वाची गोष्ट रजिस्टर पोस्टानं स्वतःलाच पाठवावी. पोच मिळते.”

मेहुणा तोवर मीटिंगमध्ये गेला होता, त्याच्या कंपनीला रविवार नसतो. जाताना एवढंच म्हणाला होता, “बाण काढा, आणि काही अडलं तर फोन करा.” मी बाण काढला. पासवर्ड, म्हणजे माझा अपमान, पुन्हा टाईप केला. बटण दाबलं. या वेळी काहीच झालं नाही. ‘झालं’ नाही, ‘धन्यवाद’ नाही. मुकाट्यानं पुढची ओळ आली. एवढं मोठं काम करून जो काही बोलत नाही, त्यानं ते केलेलं नसतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी तेच आणखी काही वेळा केलं. दर वेळी तोच मुकाटपणा.

शेवटी फाइल शोधली. सापडली. तिचं वजन पाहिलं, ते भरीव होतं. मग ती उघडून आत डोकावलो. आकडे होते, इंच न इंच जागेवर होते. आणि नावांच्या जागी? प्रत्येक नावाच्या जागी ओळीनं प्रश्नचिन्हं. ???? ?????. खाली पुन्हा ????? ????.

मी खुर्चीत मागं रेलून बसलो. खरं सांगतो, मला त्या प्रोग्रामबद्दल भरून आलं. आकडे ठेवायचे आणि नावं झाकायची! कुणाचं माप कुणाला कळता कामा नये, हे न सांगता ओळखणारा कुणीतरी भेटला होता. हिला बोलावून दाखवलं. ती चष्मा वर करून म्हणाली, “नावं दिसत नाहीयेत.”

“तीच तर गंमत आहे,” मी म्हणालो. “गुप्तता.”

“त्याला फोन करून विचारता का?”

“त्यात काय विचारायचं? दिसतंय ना समोर.”

फाइल पेनड्राइव्हवर घेतली, आणि हा पेनड्राइव्ह ठेवायचा कुठं, हा प्रश्न उभा राहिला. घर सुरक्षित नव्हतं, घरात भावोजीला सांगू नये अशा गोष्टी चालत होत्या. ऑफिसात प्रमाणित वजनं ठेवायची लोखंडी तिजोरी आहे, तिच्यात ठेवावा म्हणून दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. साहेबांनी विचारलं, “आत काय आहे?”

“मापं आहेत, साहेब.”

“खात्याचा शिक्का मारलेली?”

“नाही. महिलांची आहेत.”

साहेबांनी पेन बाजूला ठेवलं. दार लावून घ्यायला सांगितलं. मी सगळं समजावलं, पण जसजसं समजावत गेलो तसतशी त्यांची खुर्ची मागं सरकत गेली. शिक्का नसलेली मापं खात्याच्या तिजोरीत ठेवणं नियमबाह्य आहे, आणि महिलांच्या कंबरेवर शिक्का मारण्याची तरतूद नाही, असा निर्णय झाला. पेनड्राइव्ह खिशात घालून मी परत आलो. दुपारपर्यंत ऑफिसातला प्रत्येक जण माझ्या खिशाकडे बघत होता.

घरी यावं तर दुकानात मुख्याध्यापिकाबाई बसलेल्या. शाळेचं काम त्यांनीच दिलेलं. बाईंपुढं पाचवीतल्या मुली उभ्या राहतात तसा मी नकळत उभा राहिलो. टेबलाची बातमी एव्हाना शाळेपर्यंत पोचता पोचता ‘सगळी मापंच टाकून दिली’ अशी झाली होती.

“माझं माप कुठं आहे?” बाईंनी विचारलं.

“सुरक्षित आहे, बाई. पेनड्राइव्हमध्ये.”

“आणि पेनड्राइव्ह?”

“माझ्या खिशात.”

“माझं माप तुमच्या खिशात आहे?”

हिनं कपाळाला हात लावला. मी घाईघाईनं म्हणालो, “पण काळजी करू नका. नावं कुणालाच दिसत नाहीत. मलाही नाही. ब्रह्मदेवाला कळणार नाही कुठलं माप कुणाचं ते!”

इतकं खरं मी आयुष्यात क्वचितच बोललो असेन.

कारण त्याच आठवड्यात कॉम्प्युटरनं शेवटचे एकदा दात खाल्ले आणि डोळे मिटले. आम्ही शांत होतो. शहाण्यासारखा बॅकअप घेतलेला होता. नवा कॉम्प्युटर आणला, मेहुण्यानं तिकडून बसून सगळं जोडून दिलं आणि फाइल त्यात भरली. मापांची यादी स्क्रीनवर उघडली. वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हं.

“आता नावं उघड कर,” मी फोनवर म्हणालो.

मेहुण्यानं तिकडून फाइल पुन्हा एकदा उघडून पाहिली. मग म्हणाला, “भावोजी, ताईनं नावं मराठीत लिहिली होती. मराठी अक्षरांसाठी ओळीत एक जादा शब्द घालावा लागतो. नाहीतर तो प्रोग्राम त्याला न कळणाऱ्या प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा होतो. मी सांगायला हवं होतं. पण फाइल उघडली असेल ना तुम्ही? प्रश्नचिन्हं दिसली नाहीत?”

“दिसली.”

“मग?”

“मला वाटलं, गुप्तता.”

जन्मभर मी प्रत्येक गोष्टीपुढं प्रश्नचिन्ह ठेवत आलो. ती समोर रांगेनं येऊन उभी राहिली तेव्हा तेवढा एकदाच विश्वास ठेवला. ही मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. ती टेबलापाशी जाऊन नुसती कापडाच्या ताग्यावरून हात फिरवत राहिली, आणि मला फार वाईट वाटलं. तिचे डोळे भरले होते आणि ते मी पाहू नये म्हणून तिनं पाठ फिरवली होती.

शिक्षिका दुसऱ्या दिवशी आल्याच. मुख्याध्यापिकाबाई पुढं, बाकीच्या मागं. समारंभ तोंडावर आला होता. ही म्हणाली, “नावं पुसली गेली आहेत. टेप लावून परत...” तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत खोलीतली हवा बदलली. प्रत्येकीनं पोटाशी धरलेली पर्स थोडी वर घेतली. एक जण घड्याळ बघू लागली. दुसरीला तयार ड्रेस मिळतात ते दुकान एकाएकी आठवलं. हिचं दुकान माझ्या डोळ्यांदेखत रिकामं व्हायला लागलं होतं.

मी पुढं झालो. “टेपेची गरज नाही! मी आकडे वाचतो. ज्याचं माप त्यानं हात वर करावा.” सरकारी माणसाला सुचावा असाच हा उपाय होता.

“कंबर बेचाळीस,” मी वाचलं. शांतता. “चव्वेचाळीस.” भिंतीवरच्या कॅलेंडरकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. “अडतीस?” कुणी नाही. “छत्तीस?” एक हात अर्धा वर आला आणि केसांवरून फिरून खाली गेला. असं करत मी शेवटच्या ओळीला आलो. “अठ्ठावीस.”

खोलीतले झाडून सगळे हात वर झाले. मुख्याध्यापिकाबाईंचा सगळ्यांत उंच. मग प्रत्येकीनं बाकीच्यांचे हात पाहिले, आणि खोलीत असा संशय पसरला की मला एकदम ऑफिसात आल्यासारखं वाटलं.

“ते माझं आहे,” आमची ही म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे वळल्या. म्हणजे तिच्या कंबरेकडे. मीही पाहिलं. मी तज्ज्ञ आहे. नजरेच्या अंदाजानं मला फरक स्पष्ट दिसत होता, आणि तो लहान नव्हता. गावातल्या प्रत्येक बाईचा अर्धा-अर्धा इंच चोख टिपणाऱ्या या बाईनं स्वतःचं माप दुकान उघडलं त्या दिवसापासून बदललं नव्हतं. ती मान ताठ करून उभी होती, पण कान लाल झाले होते. कुणी हसलं असतं तर तिथंच सगळं संपलं असतं.

मुख्याध्यापिकाबाईंनी हात सावकाश खाली घेतला. हिला आपादमस्तक न्याहाळलं. “तुमचंच असणार,” त्या म्हणाल्या. “दिसतंच आहे. काय हो?”

शेवटचं मला होतं. सगळी खोली माझ्याकडे बघू लागली. पंचवीस वर्षांची सचोटीची नोकरी डोळ्यांपुढून गेली.

“तंतोतंत,” मी म्हणालो.

त्यावर बाईंनी पर्स टेबलावर ठेवली आणि त्या स्वतःच पडद्यामागं गेल्या. “या. बघून घ्या आणि काय ते टाका. आकडा मात्र मला सांगू नका.” त्यांच्यामागं बाकीच्यांची रांग लागली. ही एकेकीला आरशापुढं उभी करून नुसती बघत होती, बाहेर येऊन स्क्रीनवरच्या एखाद्या ओळीवर बोट ठेवत होती, आणि मी निमूटपणे त्या ओळीसमोर नाव टाईप करत होतो. टेप खुंटीवरून खाली आलीच नाही.

बाकीच्या गिऱ्हाइकांच्या ओळी त्या येतील तशा भरायच्या होत्या; सगळ्या गेल्यावर आज भरण्यासारखी शेवटची ओळ तेवढी उरली. ही कापड बेतत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझं काय टाकताय?”

मी तिचं नाव मराठीत लिहिलं आणि पुढचा आकडा आहे तसा ठेवला. मग काळी खिडकी उघडून, तो जादा शब्द घालून, बाण काढून बॅकअप घेतला. फाइल उघडून पाहिली. नाव काना-मात्रेसकट शाबूत, आणि शेजारी अठ्ठावीस. धडधडीत खोटं माप जवळ बाळगणं हा आमच्या खात्यात गुन्हा आहे. मी त्याच्या दोन प्रती काढल्या.